चौकशीला आलेला माणूस

बाबांना जाऊन पंधरा दिवस झाले. त्यांच्या कपाटात काल माझ्या नोकरीचं पत्र सापडलं, घडी न मोडलेलं.

काही वर्षांपूर्वी परभणीतल्या एका फायनान्स कंपनीत मला कारकुनाची जागा मिळत होती. एकच अट उरली होती. कंपनी माझा क्रेडिट रिपोर्ट बघणार होती: कधी कर्ज घेतलं का, हप्ते वेळेवर भरले का. हे कॉम्प्युटरवर दिसतं, असं मी बाबांना सांगितलं. शिक्षक म्हणून निवृत्त झालेले बाबा हसले.

"कॉम्प्युटरवर कुठं चौकशी होती का? माणसं येतील."

आमच्या पिंगळीत चौकशी म्हणजे स्थळाची. पाहुणे आधी गिरणीवर थांबून घर कसं आहे ते विचारतात. म्हणून बाबा लगेच गिरणीवर जाऊन, चौकशीला कुणी आलं तर घरी घेऊन या, असं सांगून आले.

तिसऱ्या दिवशी खांद्याला बॅग अडकवलेल्या एकाने गिरणीवर आमचं घर विचारलं. गिरणीवाले मामा दळण तसंच टाकून त्याला घेऊन आले.

"लय गुणाची पोरगी हाय. भाकरी तर अशी करती!"

मामांनी माझी भाकरी कधी पाहिली नव्हती, हे बरंच होतं.

बाबांनी त्याला पोहे दिले आणि माझी दहावीपासूनची प्रमाणपत्रं समोर मांडली. शेजारच्या काकूंनी दारातूनच विचारलं, "पगार किती हाय तुमाला?"

"बारा हजार."

काकूंनी नाक मुरडलं. दुसरी बशी संपल्यावर तो हळूच म्हणाला, "सर, मीटर कुठंय? रीडिंग घ्यायचंय."

बाबांनी प्रमाणपत्रं गोळा केली. मग म्हणाले, "आधी चहा घ्या."

त्याच दुपारी कंपनीच्या बाईंचा फोन आला. माझा रिपोर्ट कोरा निघाला होता. माझ्या नावावर कधी कर्जच नव्हतं. "कोरा?" माझ्या तोंडून निघालं. नोकरी गेलीच, असं वाटलं. बाबांनी फोन ओढून घेतला.

"कोरा कसा, मॅडम? चौकशीला माणूस येऊन गेला की. त्याला विचारा."

"कोणता माणूस?"

"लाइटवाला."

बाई किती तरी वेळ हसत होत्या. कोरा चालतो, म्हणाल्या, सोमवारी या.

त्यानंतर तो मीटरवाला दर महिन्याला विचारायचा, "सर, ताई टिकल्या ना नोकरीत?" आज सकाळीही दारातून तेच विचारलं. मी बाबा गेल्याचं सांगितलं. तो बॅग धरून उभाच राहिला.

"सरांना कबूल केलं होतं," तो म्हणाला. "कंपनीनं कधी विचारलंच, तर चांगलंच सांगीन."

मी त्याला बसायला सांगितलं आणि पोहे भिजवायला आत गेले.