कोरी बाजू

"त्या बाईला नको पाठवू. ती इंग्रजी बोलणारी सिस्टर चांगल्या घरची दिसती. पाणी तिच्याच हातचं दे."

खाटेवरच्या पेशंट आजी त्यांच्या सुनेला सांगत होत्या. मी दाराबाहेर, हातात बीपीचं मशीन घेऊन. 'ती बाई' म्हणजे आमच्या वॉर्डात आयाचं काम करणाऱ्या शेवंता मावशी. सुनेने सकाळी त्यांना आडनाव विचारलं होतं. तेव्हापासून मावशींनी भरून ठेवलेला ग्लास तसाच पडून होता.

इंग्रजी बोलणारी सिस्टर म्हणजे मी. मला बरं वाटलं. क्षणभरच. पण वाटलं. हे लिहितानाही मान खाली जाते.

कारण मावशींचं आणि माझं आडनाव एकच. भोसरीत आमची घरं एकाच गल्लीत. वडिलांनी वर्कशॉपमध्ये ओव्हरटाइम करून मला इंग्रजी शाळेत घातलं. तिथे मी दोन गोष्टी शिकले. इंग्रजी बोलणं. आणि आडनाव न सांगणं. वॉर्डात गळ्यातलं ओळखपत्र मी उलटं ठेवायचे, कोरी बाजू पुढे. घाबरले की इंग्रजीत बोलायचे. पेशंटना वाटायचं, पोरगी हुशार आहे.

हॉस्पिटलने आम्हा नर्सेससाठी ताणावर शिबिर घेतलं होतं. मनाला लावून घेऊ नका, दहा आकडे मोजा. मी मोजायचे. दहा होईपर्यंत बोलायची वेळ निघून गेलेली असायची.

मावशींना माझं कार्ड का उलटं असतं ते ठाऊक होतं. पेशंटसमोर त्या मला 'मॅडम' म्हणायच्या. ओळख दाखवायच्या नाहीत. त्या दिवशी डबा खाताना मी हळूच म्हणाले, "मावशी, सॉरी."

त्या हसल्या. "तू कशाला गं? तू तर काहीच बोलली न्हाईस."

मी अर्ध्या डब्यालाच झाकण लावलं.

दुपारच्या गोळ्या द्यायला निघाले. दाराशी आकडे मोजू लागले. चारवर थांबले. कार्ड सुलटं केलं. मावशींना हाक मारली, "माझ्यासोबत आत चला."

आजींनी मला पाहिलं. "आलीस व्हय? तुझ्या हातचं पाणी ग्वाड लागतं बघ."

मी कार्ड सुनेपुढे धरलं. तोंडात इंग्रजी आलं होतं, ते गिळलं.

"ताई, हे कार्ड आजींना वाचून दाखवा. आजी, या माझ्या मावशी. आमचं आडनाव एकच आहे. तीन दिवस गोळ्यांसोबत तुम्ही आमच्याच हातचं पाणी प्यालात. यापुढे तहान लागली, की यांनाच हाक मारा."