देव्हाऱ्यातला बसऱ्याचा कागद

कागद चोरायला गेलो नव्हतो, हे काकूला अजून पटलेलं नाही. फोनवर तेच, गावी गेलो तरी तेच. म्हणून सगळं नीट लिहून काढतो. तुमच्या घरात इंग्रजांच्या वेळचे कागद असतील तर तुम्हीही वाचा.

माझा पणजोबा मेंढरं राखायचा. पहिल्या महायुद्धात गोऱ्यांच्या फौजेत गेला आणि तिकडं इराकात बसऱ्यालाच मेला. घरी आला तो त्याच्या मरणाचा सरकारी कागद. आमच्यात गेलेल्या माणसाचा चांदीचा टाक, म्हणजे पत्र्यावर उठवलेली मूर्ती, करून देवात ठेवतात. तेव्हा चांदी कुठली? कागदच देवात बसवला. तेव्हापासून दर अमावास्येला त्याला हळदकुंकू.

मी सुरतेला यंत्रमागावर कामाला, शाळा सातवीत सुटली. व्हॉट्सॲपवर घरच्या देव्हाऱ्याचा फोटो आला, तर कागद निम्मा लाल. दिवाळीला माग बंद झाले, तशी बॅग उचलली.

सुरतेहून मनमाड, तिथून नांदेडकडची गाडी. जनरलला बसायला मिळेल असं धरून चालू नका. सेलूला उतरलो तर कापसाच्या टेम्पोंची ही रांग! पुढं जिंतूर, मग आमचं चारठाणा, दोन एसट्या. चारठाण्याची जुनी देवळं बघाच. तिथल्या मूर्तींवरही पिढ्यान्‌पिढ्या तेल-शेंदूर चढलाय. दगड आहे, सोसतो.

घरी भाकर आणि येसराची आमटी. जेवता जेवता कागदाचं काढलं, तर काकू देव्हाऱ्यापुढं जाऊन उभी.

"तुला कशाला पायजे? विकायलास का?"

"काकू, कुंकवानं अक्षरं खाल्ली. नाव अन् नंबर तेवढा राह्यलाय."

"मग आजेसासऱ्याला बिनकुंकवाचं ठेवू? लय शहाणा झालास सुरतेला जाऊन!"

तिचंही खरं होतं. त्याची ना समाधी, ना फोटो. कागद उचलला तर देवातून माणूसच उठणार. मी हात लावला नाही.

सकाळी चहा देताना तीच म्हणाली, "टाक करून दे. तो देवात बसला की ने तुझा कागद. काचंत घाल न्हाई तर कुठं बी घाल."

दोघं सेलूला सोनाराकडं गेलो. सोनार म्हणाला, "फौजेतला माणूस. घोड्यावर काढू? हातात तलवार?"

"घोडं कुणाचं अन् तलवार कुणाची!" काकू म्हणाली. "खांद्यावर घोंगडं काढा, हातात काठी. गोऱ्याकडं मागून गेला, आधी मेंढरं होती त्याची."

परत सुरतेला आलोय. माग सुरू झाला की दुसरं काही ऐकू येत नाही, पण काकूचं ते बोलणं येतं. सरकारी कागदात तो नाव अन् नंबर एवढाच आहे, टाकात मेंढरंवाला असेल. मला दोन्ही पायजेत. टाक येईपर्यंत कुंकू देवातल्या शेजारच्या सुपारीला लाव, असं काकूला सांगितलंय. ती म्हणाली, "बघू." तिचं 'बघू' मला माहीत आहे, आणि अमावास्या जवळ आलीये. म्हणून टाकाचे सोनारानं मजुरीसकट सांगितले तेवढे आजच तिच्या खात्यात टाकतोय: तीन हजार चारशे रुपये.