मेहुण्याचं रशियन

आमच्या बेळगावात मराठी बोललं तर एकाचं डोकं फिरतं आणि कन्नड बोललं तर दुसऱ्याचं. अशा गावात राहून दोघांनाही सारखाच वैताग देईल अशी भाषा शोधून काढणारा महापुरुष आजवर एकच झाला, आणि तो नेमका माझ्याच बायकोचा धाकटा भाऊ निघावा, हे माझं नशीब. घरची खानापूरकडं भातशेती. बारावीला चांगले मार्क. सगळे म्हणाले इंजिनिअर हो, मास्तर हो, निदान तलाठी तरी हो. हा पठ्ठ्या पुण्याला गेला आणि रशियन भाषा-साहित्यात बी.ए., वर एम.ए. करून आला. सासऱ्यांनी विचारलं, "तिकडं नोकरी लागंल व्हय रं?" तर म्हणाला, "आप्पा, तिकडं कशाला जायला पायजे? पुस्तकं हितं मिळत्यात की." सासरे त्यानंतर दोन दिवस गोठ्यातच बसून होते.

मग बेळगावातल्या एका कॉलेजात त्याला रशियनचा वर्ग मिळाला आणि राहायला आमचं घर मिळालं. त्याच्यासाठी मुली बघत मी नऊ गावं हिंडलो. मुलीचे वडील विचारायचे, मुलगा काय करतो? मी छाती काढून सांगायचो, रशियन शिकवतो. "कुणाला?" या पुढच्या प्रश्नावर गाडं अडायचं, पोहे तेवढे खाऊन व्हायचे. चहाची आणखी वेगळी तऱ्हा. दूध चालत नाही. काळा चहा पिणार आणि घोटाघोटाला चमचाभर गुळांबा चाटणार. रशियात म्हणे तसंच करतात. करोत बापडे! पण आईनं वर्षाची बेगमी म्हणून घातलेली बरणी श्रावणाआधीच खडखडीत झाली की बोलणी मला बसतात.

कादंबरीत शिरला की मात्र चहाही बंद. एका रविवारी सकाळी हा उंबऱ्यात गुडघ्यांत मान घालून बसलेला, डोळे लाल. मी मच्छेला फाउंड्रीत ओव्हरटाइमला गेलतो, बायको माहेरी. आईनं घाबरून विचारलं, "काय झालं रं बाळा?" हा म्हणाला, "मावशी, ती गेली. छातीच्या दुखण्यानं. दोन लेकरं मागं ठेवून." झालं! आईनं कोण ते न विचारताच गॅस बंद केला आणि गल्लीत वर्दी दिली. दुखवट्याच्या घरात चूल पेटत नाही, शेजाऱ्यांनी कडू घास आणायचा, ही आमच्याकडची रीत. दुपारी मी घरी आलो तर दाराबाहेर चपलांचा ढीग, आत बायका डोळ्यांना पदर लावून, आणि पाच घरची पिठलं-भाकरी ओळीनं मांडलेली. चौकशी केली तेव्हा कळलं, मयत बाई रशियातल्या कुठल्याशा खेड्यातली शाळामास्तरीण असून ती पान तीनशे बारावर वारली आहे. मला ब्रह्मांड आठवलं. म्हटलं, "आई, पुस्तकातली बाई हाय गं ती!" तर आई माझ्यावरच उखडली, "म्हणून काय झालं? लेकरं तर मागं ऱ्हायली न्हवं?"

यंदा जूनमध्ये कॉलेजनं सांगितलं, पहिल्या वर्षाला आठ विद्यार्थी झाले नाहीत तर वर्ग बंद, आणि मास्तरही घरी. लागलं माझ्या स्कूटरला काम. खानापूर म्हणू नका, उचगाव म्हणू नका, बारावी झालेलं पोर दिसलं की आम्ही त्याच्या दारात हजर. आईबाप विचारायचे, "नोकरी लागंल काय सर?" हा शांतपणे सांगायचा, "ते काय सांगता येत न्हाय. दुःखं मात्र लई चांगली वाचायला मिळतील." मी चिमटे काढून काढून त्याचा दंड काळानिळा केला. "अरे गाढवा, जरा खोटं बोल की!" पण नाव नको. तरीसुद्धा, देव जाणे कसे, आठ प्रवेश झाले. आठवी उचगावची एक चुणचुणीत मुलगी.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी ती मुलगी वडिलांना घेऊन आमच्या घरी आली. तिला नर्सिंगची सीट लागली होती. वडील म्हणाले, "सर म्हणतील तसं करू." ते ऐकून मी मनातल्या मनात देवाला नारळ बोलून मोकळा झालो. आता यानं एक शब्द टाकायचा, की वर्ग वाचला. हा मुलीला विचारतो, "नर्सिंग नको हाय काय तुला?" ती खाली बघत म्हणाली, "पायजे होतं सर. पण तुम्हाला आठ लागत्यात न्हवं?"

हा उठला, तिला घेऊन कॉलेजात गेला आणि तिचा प्रवेश रद्द करायचा अर्ज स्वतःच्या हातानं लिहून दिला.

त्या संध्याकाळी मी त्याला जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, "दाजी, आठ लागत्यात म्हणून पोरीला बसवून घ्यायचं व्हय?" त्यावर मी आणखी दोन शिव्या घातल्या.

वर्ग बंद झाला. आता तो बेंगळुरूला एका कंपनीत रशियन यंत्रांची माहितीपुस्तकं इंग्रजीत करून देतो. परवा त्याचा फोन आला. म्हणाला, "दाजी, चारशे पानं झाली ओ. एक माणूस न्हाय ह्यात." मग राखायचं होतंस की त्या पोरीला, हे अगदी ओठांवर आलं होतं. पण तोंडातून निघालं ते भलतंच.

"जेवलास का रं?" मी विचारलं.

"न्हाय अजून," तो म्हणाला, आणि फोन ठेवायचं काही आम्हा दोघांनाही जमेना.