सखूची रेकॉर्ड

रामजीसारखा हट्टी माणूस मिरजोळ्यात दुसरा नाही. मी चाळीस वर्षं त्याच्या शेजारी राहतोय, त्यामुळे हे म्हणायचा हक्क मला आहे. एमआयडीसीतल्या एकाच कारखान्यात तो टूलरूमला फिटर होता आणि मी स्टोअरला. ड्रिल मागायला आला की घेऊनच जायचा, मग माझे नियम गेले खड्ड्यात. आता त्याची सत्तरी उलटलीय. उजवा हात थरथरतो, चहाची बशीही धड धरवत नाही. आणि अशा माणसाने गणपती उरकल्यावर काय काढावं, तर माळ्यावरचा जुना रेकॉर्ड प्लेअर!

कारण होती त्याची भाची, नम्रता. तिची आई सखू म्हणजे रामजीची धाकटी बहीण. गायन पार्टीत गायची. मुंबईला जाऊन त्या पार्टीने एकच रेकॉर्ड काढली, तिच्या एका बाजूला सखूचं गाणं होतं. पुढे नम्रता महिन्याची असताना सखू काविळीने गेली. पोर वडिलांकडे बदलापूरला वाढली. आईचा फोटो तिने पाहिला होता, आवाज कधी ऐकला नव्हता. कॅसेट भरून ठेवायचं तेव्हा कुणाला सुचलं नाही आणि इतरांकडच्या रेकॉर्डी कधीच्या भंगारात गेल्या. यंदा तिने फोनवर विचारलं, "मामा, ती रेकॉर्ड आहे ना तुमच्याकडे?"

"हाय तर! दिवाळीत ये. ऐकवतो," रामजी म्हणाला. प्लेअर चालतो का, हे बघायच्या आधीच.

चालत नव्हता. मोटर फिरत होती, पण सुई धरणारा आर्म जागचा हलत नव्हता. सांध्यातलं ग्रीस वाळून डिंक झालेलं, खाऱ्या हवेने आतल्या बेअरिंगच्या गोळ्या गंजलेल्या, मागच्या वजनाचं रबर कुजून आर्मने मान टाकलेली. रामजीने स्टीलच्या ताटाखाली लोहचुंबक ठेवलं आणि ताटात एकेक भाग सुटा केला. मोहरीएवढ्या गोळ्या त्या. रॉकेलमध्ये धुतल्यावर तीन वाया गेलेल्या निघाल्या. तशाच तीन मिळवायला पुण्याहून एक मोडका प्लेअर मागवावा लागला. रबराची चकती त्याने सायकलच्या ट्यूबमधून कापली. आतून जाणाऱ्या चार तारा केसासारख्या बारीक. डाव्या मुठीवर उजवं मनगट टेकवून तो कथलाचा डाख द्यायचा, मी भिंग धरायचो. दोनदा तार तुटली आणि दोन्ही वेळा शिव्या मी खाल्ल्या.

आर्मच्या डोक्यावर मला एक गोल, घासलेला डाग दिसला. "हा कसला रे?"

रामजी हसायला लागला. तरुणपणी त्याची लाऊडस्पीकरची सर्व्हिस होती. "पोरं नाचाया लागली की जमीन हलायची, सुई उडायची. मग वर रुपाया ठेवायचा. जयंतीला दोन. आणि गाणं कंचं? सखूचंच! ती गेल्यावर तर लोक दुसरं लावूच देत नव्हते. पंधरा वरसं वाजवलंय."

मीही हसलो. लोखंड लोखंडाला कसं खातं हे आम्ही दोघांनी जन्मभर पाहिलेलं, तरी एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही. मला अजून स्वतःचा राग येतो.

सव्वा महिन्याने आर्म हवेत सरळ उभा राहिला, फुंकरीने हलेल इतका हलका. रामजीने डोळे पुसले. सनईची एक रेकॉर्ड लावून पाहिली, लख्ख वाजली. सखूची लाव म्हटलं तर म्हणाला, "नाय. पयली तिच्या लेकीने ऐकायची."

दिवाळीच्या सुट्टीत नम्रता आली. मोबाईल हातात धरून प्लेअरसमोर मांडी घालून बसली. रामजीने सुई टेकवली. पेटी वाजली, ढोलकी वाजली, दोन्ही घोगरी, आणि सखूचा आवाज यायचा तिथे डंपरमधून खडी ओतावी तशी खरखर सुरू झाली. मधेच अर्धा शब्द वर यायचा आणि बुडायचा. रामजीने सुई साफ केली, वजन कमी केलं, पुन्हा लावली. मग पुन्हा. तिसऱ्या वेळी त्याचं बोट त्या गोल डागावर गेलं आणि तिथेच राहिलं.

"मीच खाल्ला," तो म्हणाला. "रुपाया ठेवून ठेवून मीच खाल्ला गो तिचा आवाज."

नम्रताने हात पुढे करून रेकॉर्ड उलटली. त्या बाजूला पार्टीच्या बुवांचं गाणं होतं. ते कधी कुणी लावलंच नव्हतं, त्यामुळे बुवांचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. मागे चार पोरी साथ देत होत्या. नम्रता ताठ बसली.

"मामा, ह्यात आई आहे?"

"हाय. चौघींत हाय."

"कुठली?"

रामजीने डोळे मिटले. नम्रताने सुई मागे नेली, पुन्हा नेली. "ही बारीक आवाजाची? की शेवट लांबवते ती?" ड्रिल बोथट झाल्याचं दहा हातांवरून नुसतं ऐकून सांगणारा माणूस हा. त्याच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि मान नकारात हलत होती.

"नाय समजत गो बाय. मला वाटायचं, तिचा आवाज माझ्या कानात हाय. नाय ऱ्हायलेला."

ती खूप रडली. मग चौघींचं ते गाणं मोबाईलमध्ये घेतलं आणि संध्याकाळच्या गाडीने गेली. मी रामजीजवळ बसलो. काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हटलं, "आर्म तरी झकास झाला रे तुझा."

त्याने प्लेअरवर झाकण लावलं. "नको व्हता करायला," तो म्हणाला. "बंद व्हता तवर ती त्यात व्हती."