वहिनीच्या वाट्याच्या सुया

गेल्या महिन्यात लातूरच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी माझे कागद दोनदा उलटेपालटे केले आणि म्हणाल्या, "आजोबा, तुमची आतड्याची गाठ आता या औषधाला दाद देईना. आधी कमी झाली होती, आता पुन्हा वाढलीय. मधे एखादा डोस चुकला होता का? खरं सांगा हं."

मी म्हणालो, "नाही."

खरंच चुकला नव्हता. माझ्या मुलीनं तारखा भिंतीवर लिहून ठेवल्या होत्या. बाई म्हणाल्या, मग तुमचा दोष नाही, गाठीतल्या पेशी शहाण्या होतात, औषध आत घेतच नाहीत, आपण दुसरं औषध सुरू करू. मुलीला हायसं वाटलं. मी मात्र खाली मान घालून बसलो. ते 'नाही' ज्या आवाजात माझ्या तोंडून निघालं, तो आवाज माझ्या ओळखीचा होता. चाळीसेक वर्षांपूर्वी नांदेडच्या एका डॉक्टरांनी मला हाच प्रश्न विचारला होता. त्यांनाही मी याच आवाजात नाही म्हणालो होतो, आणि ते धडधडीत खोटं होतं.

तेव्हा मी लातुरात कंपाउंडर होतो. लातूरला जिल्ह्याची पाटी लागून फार दिवस झाले नव्हते. भाड्याच्या घरांत कचेऱ्या भरत होत्या, आणि आम्ही पानाच्या ठेल्यावर उभे राहिलो तरी जिल्ह्याच्या माणसासारखे उभे राहायचो. त्यात दुष्काळ पडलेला. टँकर आला की अख्खी गल्ली घागरी घेऊन धावायची, आणि तिथं जिल्हा-तालुका काही चालत नसे.

माझे थोरले भाऊ, अण्णा, देवणीजवळच्या आमच्या गावी शेती बघायचे. त्यांची बायको, म्हणजे माझी वहिनी, माहेरी हिमायतनगरकडं गेली असताना खोकल्यानं आजारी पडली. माहेरच्यांनी नांदेडला दाखवलं. क्षय निघाला. डॉक्टरांनी रोज एक सुई आणि रोजच्या गोळ्या लिहून दिल्या. दोन महिने सुया, पुढं वर्ष-दीड वर्ष गोळ्या. गावात रोज सुई देणारं कुणी नव्हतं, म्हणून अण्णांनी तिला माझ्याकडं लातूरला आणून सोडलं. "तू हायस म्हणून बिनघोर हाय मी," म्हणाले. हे वाक्य मी अजून विसरलेलो नाही.

सुयांचं औषध मी नांदेडहून आणायचो, त्याच डॉक्टरांच्या खालच्या दुकानातून. छोट्या बाटल्यांत पांढरी पूड असायची. त्यात पाणी घालून हलवायचं, पिचकारीत ओढायचं आणि कमरेत टोचायचं. रोज सकाळी कामावर जायच्या आधी मी पिचकारी उकळायचो. वहिनी पाटावर पाठमोरी बसायची. माझ्या बायकोनं तिची ताट-वाटी वेगळी ठेवली होती, आणि मी त्यावर काही बोललो नव्हतो. वहिनीही बोलली नव्हती. खोकला कमी होत होता, चेहऱ्यावर तजेला येत होता. विभूती लावून सकाळी ती दारात बसली की गल्लीतल्या बायका म्हणायच्या, बाई सुधारली.

आणि मग बैल आजारी पडला.

आमच्याकडं देवणी जातीचा एक वळू होता. अंग पांढरं, तोंडाच्या दोन्ही बाजू काळ्या. लिंगायताच्या घरात बैलाला नुसतं जनावर कुणी समजत नाही, आणि हा तर वहिनीनं वाढवलेला. त्याची आई व्याल्यावर मेली तेव्हा वहिनीनं त्याला मांडीवर डोकं घेऊन दूध पाजलं होतं. पंचक्रोशीतले लोक गाई घेऊन आमच्या दारात यायचे. दुष्काळात चारा नाही म्हणून अण्णा त्याला घेऊन छावणीत जाऊन राहिले होते. एका रविवारी सकाळी गावचा माणूस निरोप घेऊन आला. बैलाचा गळा सुजलाय, घरघर लागलीय, ढोरांचे डॉक्टर दुसऱ्या छावणीवर गेलेत, उद्याच्याला येतील.

घटसर्प. उद्यापर्यंत बैल टिकत नाही, हे मला माहीत होतं. आणि हेही माहीत होतं की ढोरांच्या डॉक्टरांच्या पेटीत जे औषध असतं, तेच माझ्या फळीवर वहिनीच्या नावानं ठेवलेलं आहे. वहिनी आत भाकरी थापत होती. मी खोका पिशवीत टाकला आणि निघालो.

तिला विचारलं का नाही, हे मी स्वतःला इतक्या वेळा विचारलं आहे की आता उत्तराची लाज वाटते. विचारलं असतं तर ती लगेच हो म्हणाली असती. मग 'नको वहिनी, तुझं औषध तुझंच' असं म्हणायची पाळी माझ्यावर आली असती. कंपाउंडर म्हणून तेच माझं काम होतं. पण मला छावणीत जायचं होतं. शेकडो माणसांसमोर आपण बैल वाचवलाय, हे चित्र मी एसटीत बसल्या बसल्या बघत होतो. खोटं कशाला सांगू?

माणसाला एक बाटली लागते तिथं बैलाला एका वेळी चार लागल्या. संध्याकाळी पुन्हा चार. अण्णांनी मानेला मिठी मारून बैल धरला होता. त्यांनी एवढंच विचारलं, "सरकारी हाय का औषध?" मी "हाव" म्हणालो. ढोरांचे डॉक्टर दुसऱ्या दिवशीही आले नाहीत, म्हणून तीन दिवस रजा टाकून मी तिथंच राहिलो आणि खोका रिकामा केला. चौथ्या दिवशी बैल उठून उभा राहिला आणि त्यानं कडब्याच्या पेंडीला तोंड लावलं. छावणीतल्या लोकांनी माझ्या कपाळाला गुलाल लावला. एक म्हातारा तर पाया पडला. मी त्याला उठवलं, पण जरा उशिरानं उठवलं.

परतताना मी वाट वाकडी करून नांदेडला गेलो. दुकानदार म्हणाला, माल संपलाय, आठवड्यानं या. आठवड्यानं पुन्हा तेच. लातुरात विचारलं तर ज्याच्याकडं होतं त्यानं ओळखीच्या डॉक्टराची चिठ्ठी मागितली, आणि चिठ्ठी मागायला गेलो असतो तर आधीच्या बाटल्या कुठं गेल्या हे सांगावं लागलं असतं.

म्हणून मी वहिनीला पाण्याची सुई दिली.

पिचकारी तीच, पाणी तेच, फक्त पूड नाही. रिकामी बाटली शेजारी ठेवायचो, म्हणजे बघणाऱ्याला संशय नको. पहिल्या दिवशी पिचकारी भरताना मी दार लोटून घेतलं. तिसऱ्या दिवशी लोटलं नाही. माणूस किती लवकर सरावतो! गोळ्या चालूच आहेत, थोड्या दिवसांचाच प्रश्न आहे, अशी मी स्वतःची समजूत घातली. असे बावीस दिवस गेले. मग माल आला, खऱ्या सुया पुन्हा सुरू झाल्या, दोन महिने पुरे झाले आणि वहिनी गोळ्यांचे डबे घेऊन गावी गेली. त्या वर्षी कारहुणवीला, म्हणजे आमच्याकडच्या बैलांच्या सणाला, अण्णांनी बैल सजवून गावातून मिरवला आणि मला पुढं चालायला लावलं. मी चाललो.

सात-आठ महिन्यांनी वहिनीच्या खोकल्यात रक्त पडलं.

अण्णा आणि मी तिला नांदेडला घेऊन गेलो. अण्णा खाली चहाला गेले होते. डॉक्टरांनी छातीचा फोटो बघितला, कपाळाला आठ्या घातल्या आणि मला विचारलं, "तुम्हीच देत होता ना इंजेक्शनं? मधे खंड पडला होता का?"

वहिनी माझ्या शेजारी बाकावर बसली होती. मी म्हणालो, "नाही."

वहिनीनं माझ्याकडं बघितलं आणि पदर तोंडावर घेतला. मला वाटलं, खोकला आला.

डॉक्टरांनी माझ्यावर विश्वास ठेवला. मी पडलो औषधातला माणूस. पहिल्या गोळ्या चांगल्याच होत्या असं धरून त्यांनी त्यांच्या जोडीला एक नवी गोळी दिली. चार महिने बरे गेले आणि नंतर तीही चालेना. मग थुंकी दूर तपासायला पाठवली. उत्तर यायला दीड-दोन महिने लागले. सुई, पहिल्या गोळ्या आणि नवी गोळी, तिन्ही औषधं जंतूंना लागू पडत नव्हती.

तेव्हा डॉक्टरांनी मला समोर बसवून समजावून सांगितलं. हे जंतू एका औषधाला लवकर ओळखतात. म्हणून दोन-तीन औषधं एकदम द्यायची, एकातून निसटला तो दुसऱ्यात सापडतो. एक मागं घेतलं की दुसरं एकटं पडतं, आणि मग जंतू त्यालाही ओळखतात. आधीची औषधं निकामी झाली आहेत हे कळलं असतं तर मी नवी गोळी एकटी वापरलीच नसती, म्हणाले. त्यांच्या बोलण्यात दोष देण्याचा सूर नव्हता. हे कधी सुरू झालं असेल ते नक्की सांगता येत नाही, असंही म्हणाले. त्या वाक्याला मी पुढं कितीतरी वर्षं धरून राहिलो. बावीस दिवसांचं जाऊ द्या. पण त्या दिवशी बाकावर बसून मी खरं बोललो असतो, तर नवी गोळी तरी वाया गेली नसती. यात 'नक्की सांगता येत नाही' असं काहीही नव्हतं. तरी मी तेव्हाही तोंड उघडलं नाही.

पुढं वहिनीला वेगळ्या सुया सुरू झाल्या. ती गावी होती, त्या द्यायला मी दर रविवारी जायचो, बाकीचे दिवस गावात नव्यानं आलेल्या नर्सबाई द्यायच्या. वहिनीचं अंग इतकं उतरलं होतं की सुई टोचायला जागा शोधावी लागायची. एका रविवारी सुई देऊन मी कापूस दाबून धरला होता. बाहेर बैल दावणीला उभा होता. वहिनी पाठमोरीच हसली आणि म्हणाली, "भावजी, ह्या सुईनं ओठाला मुंग्या येत न्हाईत. पाण्याची न्हाई नं?"

मी कापूस आणखी दाबला.

"पैल्या सुईनं लई मुंग्या यायच्या," ती म्हणाली. "घेतली की घडीभरात ओठ बधिर व्हायचे. मधी काय दिस आल्याच न्हाईत. मग तुमच्या अण्णांनी सांगितलं बैलाला तुम्ही सुया दिल्या म्हणून. तवा कळलं मला."

मी म्हणालो, "वहिनी, तेव्हाच बोलली का नाहीस?"

"बैल जगला म्हणून बरं वाटलं. त्याचं काय न्हाई हो. मीच दिल्या असत्या." तिला धाप लागली. "पर डाक्टरला तुम्ही सांगायला पायजे होतं. मी तुमच्या तोंडाकडं बघून राहिले होते. तुम्ही न्हाई म्हणलात. मग मी कशी हाव म्हणू? तुमची नोकरी गेली असती, भावजी."

मला रडू आलं नाही, हेही सांगून टाकतो. मला पहिल्यांदा भीती वाटली की ती हे अण्णांना सांगेल. तिनं सांगितलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात ती गेली. आमच्या रीतीनं तिला बसवून मातीत ठेवलं तेव्हा अण्णा माझ्या गळ्यात पडून म्हणाले, तू लई केलंस तिच्यासाठी. अण्णांना मी कधीच खरं सांगितलं नाही. आता ते नाहीत.

हे सगळं आज लिहायचं कारण माझं औषध. बाईंनी आता बदलून टाकलं ते पहिलं औषध सलाईनमधून चढलं की माझ्या ओठांना मुंग्या यायच्या. गार पाणी प्यालो तर जास्तच. नर्सनं पहिल्या दिवशी सांगितलं होतं, आजोबा, असं होतं, घाबरू नका. मी घाबरलो नव्हतो. मुंग्या आल्या की मला बरं वाटायचं, औषध खरं आहे, आत पोहोचलंय, असं वाटायचं. नव्या औषधानं तसं काहीच होत नाही. परवा सलाईन सुटल्यावर मी किती तरी वेळ बोटांनी ओठ चाचपत बसलो होतो. मुलीनं विचारलं, बाबा, तहान लागली का?

त्या प्रश्नानं मला वहिनी आठवली. त्या बावीस दिवसांत सुई झाली की ती पाटावर तशीच बसून राहायची आणि पदराच्या टोकानं ओठ चोळायची, पुन्हा पुन्हा. मला वाटायचं, तहान लागली असेल. दुष्काळाचे दिवस, टँकर दोन-दोन दिवस येत नसे. मी माझ्या वाट्याचं पाणी तांब्यात ओतून तिला द्यायचो, आणि आपण किती चांगले आहोत असं मला वाटायचं. ती ते पिऊन टाकायची.