पाचचा एच आणि सातचा यू

"म्याडम, तुमचा पाच सातापुढं पाणी भरायला लागलाय. येऊन मशीन घेऊन जावा."

मुरुमच्या मल्लिनाथ अप्पांचा फोन. धान्याचे आडते, पेठेत शब्दाला वजन असलेला माणूस. आवाज अजिबात चढलेला नव्हता, आणि तेच वाईट. ओरडणारं गिऱ्हाईक मला परवडतं. ते ओरडतं, दमतं, चहा घेतं. हळू बोलणाऱ्या गिऱ्हाइकाचा निर्णय झालेला असतो.

"अप्पा, झालं काय ते तरी सांगा."

"आज चारला पोरीची म्याच हाय. आन् ह्यो तुमचा लॅपटॉप जरा वेळ पळतोय, मंग लंगडतोय. रेवणच्या सातावर खेळून बघितलं, त्यो ह्याच्यापरीस बरा. म्या तवाच म्हनलो हुतो, सात पाचापेक्षा मोठा असतोय. तुमी ऐकलं न्हाय."

उमरग्यात माझं लॅपटॉप विक्री-दुरुस्तीचं दुकान आहे. अर्धं आयुष्य त्यात गेलं. 'बाईमाणसाला यातलं काय कळतंय' हे आता मी एका कानानं ऐकते, दुसऱ्यानं सोडून देते. पण 'तुमी ऐकलं न्हाय' हे मला झोंबलं, कारण मी खरंच ऐकलं नव्हतं. अप्पा सात मागत होते आणि मी हट्टानं पाच दिला होता.

शिवलीला ही अप्पांची धाकटी लेक. कॉम्प्युटरवर टीम करून खेळायचे गेम असतात, त्यात ही वाघीण. मुरुमात बसून हिनं मोठमोठ्या शहरांतल्या पोरांना धूळ चारली होती. पुण्याच्या एका टीमला एक खेळाडू हवा होता. त्यांनी हिला सांगितलं, आमच्याकडून एक सामना खेळ, जमलं तर ठेवून घेतो, राहायचं-शिकायचं आम्ही बघतो. एकच सामना. आणि तो आज होता.

बापलेक लॅपटॉप घ्यायला आली तेव्हा अप्पांनी काउंटरवर दोन मशीनं समोरासमोर ठेवायला लावली होती. दोन्हीत ग्राफिक्स कार्ड एकच, रॅम तेवढीच. फरक फक्त प्रोसेसरचा, म्हणजे लॅपटॉपच्या मेंदूचा. एकावर पाचचा आकडा, दुसऱ्यावर सातचा.

"अप्पा, आकडा सगळे वाचतात. शेवटचं अक्षर कुणी वाचत नाही," मी म्हटलं होतं. "सातच्या शेवटी यू आहे. यू म्हणजे कमी विजेवर चालणारा. हिशोब, मेल, व्हिडिओ, सगळं झकास. बॅटरीही जास्त पुरते. पाचच्या शेवटी एच आहे. हा वीज लई खातो, पण काम उपसतो. रोजच्या कामाला दोघांत फरक कळणारसुद्धा नाही. पण गेम तासभर चालतो. तिथं यू सुरुवातीला झेप घेतो आणि मग दमतो. एच शेवटपर्यंत ओढतो."

अप्पांच्या पुतण्यानं, रेवणनं, आडतीच्या हिशोबासाठी सातचा यू आधीच घेतला होता. त्याच्या कामाला तो अगदी योग्य. पण अप्पांच्या डोक्यात बसलेलं, धाकटीला पाच आणि पुतण्याला सात, हे दिसायला बरं नाही. मी म्हटलं, "चालला नाही तर मशीन मी परत घेईन, वर तुमच्या पेढीवर येऊन चूक झाली म्हणेन." नको तिथं जीभ सैल सोडायची माझी सवय आहे.

तर आता फोनवर मी म्हटलं, "शिवलीलाला द्या."

"मॅडम, लई अडकतंय," पोरगी रडकुंडीला आलेली. "सुरुवातीला फ्रेम छान येतात. थोड्या वेळानं निम्म्यावर. समोरचा मला मारून जातो, तेव्हा मला तो दिसतो."

फ्रेम म्हणजे सेकंदाला पडद्यावर येणारी चित्रं. ती कमी झाली की खेळ हिसके देत चालतो. मी एकेक विचारत गेले. चार्जर लावलाय का? एच चार्जरशिवाय जोरच लावत नाही. लावलाय. पॉवर मोड पूर्ण ठेवलाय का? ठेवलाय. मागं अपडेट चालू आहे? बंद केलं. खेळतेस कुठं बसून?

"गादीवर."

"बरं," मी म्हटलं आणि पुढचा प्रश्न विचारला.

आमच्याकडं 'अप्पा गादीवर हायत' म्हणजे अप्पा दुकानात आहेत. मला वाटलं, पोरगी घरी न खेळता आडत दुकानात खेळते, तिथं नेट चांगलं असेल. झालं, मी तो विषय तिथंच सोडला. स्कूटीच्या डिकीत बॅग टाकली आणि मुरुमच्या रस्त्याला लागले. वाटेत एकच विचार. मशीनच खराब निघालं असलं तर? दुसरं उमरग्याहून आणून, गेम टाकून चारच्या आत उभं करणं शक्यच नव्हतं.

पेठेत अप्पांच्या पेढीवर पोचले तर दाराजवळच्या टेबलावर लॅपटॉप खोक्यासकट तयार. झाकणावर भस्माची तीन बोटं ओढलेली. घरात नवीन वस्तू आली की अप्पा पूजा केल्याशिवाय हात लावू देत नाहीत. पूजा करून घेतलेली वस्तू परत द्यायला काढली होती, यावरून काय ते समजा.

शिवलीला भिंतीला टेकून उभी. डोळे लाल. रेवण आपला लॅपटॉप छातीशी धरून बाजूला. अप्पा म्हणाले, "न्यावा."

"आधी बघू तर द्या!" मी तिथंच टेबलावर मशीन उघडलं आणि टेस्ट लावली. टेस्ट म्हणजे एक प्रोग्रॅम असतो, तो प्रोसेसरला गेमसारखा राबवतो आणि त्याचा वेग नि तपमान दाखवतो. शेजारी रेवणच्या मशीनवरही तीच लावली. दोन्ही सुटले. जरा वेळानं सातचा यू ठरल्यासारखा खाली आला आणि तिथंच राहिला. पाचचा एच तसाच वर. पंखा घोंघावत होता, पण वेग हलला नाही. मी छाती फुगवून अप्पांकडं पाहिलं.

"बघा!"

"व्हय, तुमी आला की पळतंय," अप्पा म्हणाले. "मास्तर वर्गात आला की पोरं वाचाय लागत्यात, तसं. तुमी काय म्याचपस्तोर इथं बसनार हाय का?"

"बसते की!" मला राग आला होता. "शिवलीला, जा तुझ्या जागेवर. खेळ. मी बघते."

ती लॅपटॉप घेऊन आत गेली, नेटची वायर जोडली, खेळायला लागली. मी दाराशीच उभी राहून अप्पांना पाच-सात पुन्हा समजावत होते. तेवढ्यात आतून आवाज आला, "मॅडम, अडकायला लागलं बघा!"

मी मनातल्या मनात एकेक कारण तपासायला लागले. टेबलावर वायर नव्हती, इथं आहे. मग नेटचा घोळ असेल? पण नेट अडकलं तर माणसं उड्या मारल्यासारखी इकडून तिकडं दिसतात, चित्रांची संख्या घटत नाही. इथं संख्याच घटत होती. भस्म पंख्यात गेलं असेल? मग टेबलावर कसं चाललं? चाराला थोडाच वेळ उरला होता. पुण्याच्या टीममधल्या कुणाचा तरी आवाज हेडफोनमधून बाहेर येत होता, "शिवलीला, रेडी आहेस ना?" ती माझ्याकडं बघत राहिली.

मी तिच्याजवळ जाऊन बसले. बसले म्हणजे रुतलेच. आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला.

गादी म्हणजे गादीच होती! कापसाची, चांगली टम्म, वर पांढरी चादर, मागं लोड. अप्पा ज्यावर बसून सौदे करतात ती. तिच्या मधोमध लॅपटॉप उशीत डोकं खुपसल्यासारखा रुतलेला. मी खाली हात घातला आणि चटका बसून मागं घेतला. एचचा पंखा पोटाकडच्या जाळीतून हवा ओढतो. जाळी कापसानं बंद. तपमान वर गेलं की प्रोसेसर जळू नये म्हणून आपणच हात आखडता घेतो. याला थ्रॉटलिंग म्हणतात. रेवणचा यू मुळात कमी तापतो, त्यामुळं त्याला गादीवर काही होत नव्हतं. म्हणजे टेबलावर पाच जिंकत होता आणि गादीवर सात. अप्पा खरं बोलत होते आणि मीही.

"अप्पा, मशीनला काही झालेलं नाही! हिला टेबलावर बसवा. आत्ताच्या आत्ता."

अप्पा जागचे हलले नाहीत. "टेबल दाराशी हाय. तिथं हमाल बसत्यात."

"मग काय झालं?"

"म्याडम, आमच्या पेढीवर बायामान्सं कदी गादीवर बसली न्हाईत. माझी आई न्हाय बसली, हिची आई न्हाय. ही म्हनली, अप्पा, ह्ये बी माझं कामच हाय. म्या इचार केला, काम हाय तर कामाची जागा गादी. तवा हिला हितं बसीवली. साऱ्या पेठेनं बघितलं. आता म्याचच्या टायमाला उठवून दाराशी बशिवू?"

डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. मी ज्याला अडाणीपणा समजून तणतणत होते, तो या माणसानं लेकीला दिलेला मान होता. पण त्या मानानंच तिचं मशीन गुदमरत होतं.

"अप्पा, उठते मी," शिवलीला म्हणाली. "दाराशी खेळते. मला चालतंय."

"कुंद्रु," अप्पा म्हणाले. बस, असं कन्नडमधून. सीमेकडच्या घरांत राग आणि माया कन्नडमधून बाहेर पडते. हे त्यातलं कोणतं ते मला कळलं नाही. ती बसली.

हेडफोनमधून पुन्हा आवाज, "शिवलीला, मॅचची रूम उघडतोय."

मी इकडं तिकडं बघितलं. गादीवरचं लाकडी डेस्क उतरतं, लॅपटॉप घसरणार. शिवाय त्याच्या पोटात गल्ला, त्यावर काही ठेवत नाहीत. कोपऱ्यात जुनी पितळी मापटी होती, धान्य मोजायची. मी दोन ओढली आणि पालथी घालायला गेले.

"हां हां!" अप्पा ओरडले. पहिल्यांदाच ओरडले. "आडत्याच्या दुकानात माप पालथं घालायचं न्हाय!"

"मग उताणी तर चालतील?"

त्यांनी क्षणभर विचार केला. "उतानी चालंल. पर रिकामी नगं." आणि स्वतः उठून दोन्हींत मूठ मूठ तूर टाकली.

तोंडं वर करून दोन मापटी गादीत दाबून बसवली, त्यांच्या काठांवर लॅपटॉप आडवा. पोटाखालून वारं मोकळं. मी रेवणला कोपऱ्यातला टेबलफॅन लॅपटॉपच्या पोटाखाली रोखायला सांगितला. तपमानाचा आकडा उतरायला लागला, प्रोसेसरनं वेग धरला आणि सामना सुरू झाला.

पहिली फेरी हातची गेली. शिवलीला घाईघाईत एकटीच पुढं घुसली, यात मशीनचा काही दोष नव्हता. दुसऱ्या फेरीत फ्रेम एकदाही पडल्या नाहीत. तिचा आवाज बदलला. "डावीकडं दोघं. मी घेते. तुम्ही पुढं व्हा." पुण्याची पोरं हिच्या सांगण्यावर पळायला लागली. मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नाही. मी फक्त तपमानाच्या आकड्याकडं डोळे लावून बसले होते.

शेवटच्या फेरीत दारात एक शेतकरी आला. तुरीची गाडी घेऊन. "अप्पा, भाव काय करता?" असं मोठ्यानं विचारत थेट आत यायला लागला.

अप्पा दारात आडवे आले. ऐन हंगामातलं गिऱ्हाईक. हलक्या आवाजात म्हणाले, "पाव्हनं, जरा दमानं. गादीवर काम चालू हाय."

त्यानं आत डोकावून पाहिलं. गादीवर एक पोरगी, कानाला हेडफोन. तो अप्पांकडं बघत राहिला. अप्पांनी त्याला दाराशी टेबलापाशी बसवलं आणि स्वतः त्याच्याशेजारी, हमालांच्या बाकावर, बसले.

शिवलीलाची टीम जिंकली. पुढं पुण्यानं तिला ठेवून घेतलं. मशीन परत घ्यायचा विषय अप्पांनी काढला नाही. मीही काढला नाही.

तेव्हापासून माझ्या दुकानात कुणी 'पाच घेऊ का सात' विचारलं की मी आधी उलट विचारते, "तुम्ही बसता कशावर?" गिऱ्हाइकाला वाटतं बाई पाहुणचार करतीय, आणि ते खुर्ची ओढून बसतं.