दोरीची गाठ हललीच नाही

मंडळी, आज गावच्या फळ्यावर सुविचार नाही. तिकडे तारापूरला अणूपासून वीज काढणार म्हणे, इकडे दोरीच्या एका गाठीनं मला अडवलं.

पंचायतीनं सांगितलं होतं, "गुरुजी, सगळ्या गावाची मिळून पायपीट कमीत कमी होईल अशी विहिरीची जागा काढा." म्हटलं, मुलांना संख्याशास्त्रातला मध्यक डोळ्यांनी दिसेल. आज वर्गात आडव्या फळीवर गावाचा नकाशा काढला, तिन्ही वस्त्यांच्या जागी भोकं पाडली. तीन दोऱ्या वर एका गाठीत बांधून एकेका भोकातून खाली सोडल्या. प्रत्येकीच्या खालच्या टोकाला त्या वस्तीतल्या दर घरामागे एक खडा बांधला. गाठ थांबेल तिथे विहीर.

मला वाटलं, मध्ये कुठेतरी थांबेल. ती सरळ बागवाडीच्या भोकावर जाऊन बसली! निम्म्याहून जास्त घरं तिथलीच ना.

पाड्यावरची जानकी म्हणाली, "गुरुजी, आमचा पाडा आजून लांब असता तर?"

पाड्याचं भोक फळीच्या पार कडेला पाडलं. गाठ तसूभर हलली नाही.

"म्हंजे आमी कितीपण लांब रायलो तरी फरक नाय?"

गणित बरोबर आहे, पुन्हा तपासलं. पण उद्या विहिरीचा नारळ फोडण्याआधी, बागवाडीकरांनो, त्या जागेवरून जानकीच्या पाड्यापर्यंत एक भरलेला हंडा नेऊन दाखवाल?